साठीनंतरचं ताट: डोकं ताजं राहावं म्हणून घरात काय बदलायचं

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला नावं आठवेनाशी झाली, गॅस बंद केला की नाही हे दोनदा बघावं लागलं, की घरात सगळ्यात आधी बदाम येतात. मग अक्रोड, मग कुणीतरी सांगितलेली ब्राह्मीची गोळी. बदाम वाईट नाहीत. पण मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत म्हाताऱ्यांच्या ताटात कमी पडतं ते वेगळंच: बी १२ जीवनसत्त्व, डाळ-दुधातली प्रथिनं, पालेभाजी आणि साधं पाणी. मीठ आणि चहातली साखर मात्र भरपूर असते. हे आधी दुरुस्त करायचं. ते केलं नाही, तर महिन्याला हजार-दोन हजारांचा सुकामेवा आणूनही फरक दिसत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट सांगायला हवी. अल्झायमर एकदा सुरू झाला की तो खाण्यानं बरा होत नाही. खाण्यानं दोन गोष्टी होतात. कमतरतेमुळे आलेला विसरभोळेपणा वेळेत सापडला तर बराच भरून येतो. आणि रक्तदाब, साखर आटोक्यात राहिल्यानं मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या जास्त वर्षं धड राहतात. स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासासाठी नेमलेल्या लॅन्सेट आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली. ती सगळी पूर्ण हटवता आली तर जगातल्या जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंशाला आळा बसू शकतो किंवा तो लांबवता येतो, असा त्यांचा अंदाज आहे. त्यातल्या उच्च रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल आणि लठ्ठपणा यांचा रस्ता थेट स्वयंपाकघरातून जातो.

फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांवर दोन वर्षं प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. सुधारलेला आहार, व्यायाम, बुद्धीला चालना आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष हे सगळं एकत्र मिळालेल्यांची बुद्धी नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा चांगली टिकली. उलट अमेरिकेत नुसता आहार बदलून बघितला, तेव्हा तीन वर्षांत दोन गटांत म्हणावा असा फरक दिसला नाही. तो निकाल २०२३ चा. म्हणून खाली जे सांगतोय त्याच्या जोडीला रोज अर्धा तास चालणं आणि माणसांत बसणं धरूनच चला.

पहिली पायरी: सात दिवस वही ठेवा

काहीही बदलायच्या आधी एक आठवडा लिहून काढा. ताटात वाढलेलं लिहू नका, पोटात गेलेलं लिहा. अर्धी भाकर उरली तर अर्धीच लिहायची. चहाचे कप आणि प्रत्येक कपात किती चमचे साखर, पाण्याचे पेले, उपवास, आणि कोणती गोळी किती वाजता, हेही त्याच पानावर.

घरातल्या आजीची वही साधारण अशी निघते: सकाळी चहा-खारी, दुपारी दीड भाकर आणि पातळ आमटी, चारला पुन्हा चहा, रात्री थोडी खिचडी किंवा दूध-भाकर. पोट भरलेलं असतं, म्हणून कुणाला काही चुकतंय असं वाटत नाही. हिशोब मांडला की प्रथिनं जेमतेम २५-३० ग्रॅम निघतात. पन्नास किलोच्या बाईला रोज निदान ५० लागतात. बायकांच्या बाबतीत आणखी एक बघा. सगळ्यांचं झाल्यावर शेवटी बसायची सवय साठीनंतरही सुटत नाही, आणि तोपर्यंत आमटीतली डाळ संपून नुसतं पाणी उरलेलं असतं. आजीचं ताट आधी वाढा. वहीतला सगळ्यात स्वस्त उपाय हाच आहे.

दुसरी पायरी: गोळ्या सुरू करण्याआधी रक्त तपासा

हिमोग्लोबिन, बी १२, टीएसएच म्हणजे थायरॉइड, तीन महिन्यांची साखर (एचबीए१सी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम) आणि सोडियम (रक्तातलं मीठ). एवढ्यावरून आहारानं काय सुधारेल आणि कशाला औषधच लागेल, हे डॉक्टरांना बरंच कळतं. थायरॉइड मंदावलं की माणूस सुस्त होतो, बोलणं हळू होतं, आणि घरचे म्हणतात म्हातारचळ लागला.

बी १२ वर थोडं थांबू. हे जीवनसत्त्व भाकरीत, डाळीत, भाजीत नसतं. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतच असतं. मराठवाड्यात माळकरी घरं भरपूर, आणि दूध डेअरीला घालून चहापुरतं घरी ठेवायची रीतही जुनी. पाव लिटर दुधातून साधारण १ मायक्रोग्रॅम बी १२ मिळतं आणि रोजची गरज २.२ ची आहे. म्हणजे शाकाहारी माणसानं दूध आणि दही मिळून रोज अर्धा लिटर घ्यायला हवं. चहातल्या शंभर मिलिलिटरवर ते भागत नाही. दूध तासभर आटवत ठेवलं तर त्यातलं बी १२ आणखी घटतं, म्हणून एक उकळी आली की उतरवा.

वयानुसार पोटातलं आम्ल कमी होतं, त्यामुळे मांसाहारी माणसालाही बऱ्याचदा बी १२ नीट शोषता येत नाही. त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा पित्ताची ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल वर्षानुवर्षं चालू असेल तर कमतरतेची शक्यता आणखी वाढते. ही औषधं मनानं बंद करू नका, पण बी १२ तपासून घ्या. पायाला मुंग्या, तळव्याखाली कापूस असल्यासारखं वाटणं, अंधारात तोल जाणं, जीभ लाल गुळगुळीत होणं आणि विसरणं, यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर थांबूच नका. रिपोर्टमध्ये २०० पिकोग्रॅमच्या खालचा आकडा बहुतेक ठिकाणी कमी धरतात, २०० ते ३०० काठावरचा. आकडा कमी असेल तर नुसत्या दुधानं तो भरून येत नाही. इंजेक्शन की रोजची गोळी हे डॉक्टर ठरवतील.

इथे दोन चुका नेहमी होतात. एक, आधी ताकदीच्या गोळ्या घेऊन मग तपासणी. आकडा फुगलेला येतो आणि कारण झाकलं जातं. दोन, रक्त कमी म्हणून नुसतं फोलिक अॅसिड घेत राहणं. त्यानं हिमोग्लोबिन सुधारतं पण बी १२ अभावी नसांचं नुकसान आतून चालूच राहतं.

तिसरी पायरी: प्रथिनं ताटात बसवा

साठीपुढच्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं धरा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा लागू नाही, डॉक्टरांना विचारूनच ठरवा. घरातल्या मापात सांगायचं तर ज्वारीच्या मध्यम भाकरीत सुमारे ६ ग्रॅम, ३० ग्रॅम कच्च्या डाळीत ६-७, पेलाभर (२०० मिली) दुधात ६, वाटीभर घट्ट दह्यात ५, एका अंड्यात ६, मूठभर शेंगदाण्यांत ६. अडीच भाकरी, दोन्ही वेळेला घट्ट वरण, एक वाटी मटकी किंवा हुलग्याची उसळ, पेलाभर दूध, वाटीभर दही, मूठभर दाणे, पन्नास झाले. यात विकत आणायची पावडर कुठेच आली नाही.

अडचण पैशांपेक्षा दातांची जास्त असते. दाढा गेल्या की माणूस आधी उसळ सोडतो, मग भाकर, मग चहात बुडवलेल्या खारीवर येतो. त्यांना चावता येईल असं करा. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे, तुरीच्या घट्ट वरणातली वरणफळं, बेसन घालून दह्यात भिजवलेले मऊ धपाटे, ज्वारीच्या कण्या आणि ताक, मुगाचं धिरडं. भाकर वरणात कुस्करून दहा मिनिटं झाकून ठेवली तरी मऊ होते. कवळी सैल असेल तर आधी ती दुरुस्त करा. बदामाच्या खर्चात ती होते. जेवताना सारखा ठसका लागत असेल तर मात्र ही गिळण्याची अडचण आहे. तिथे पदार्थ पातळ करणं उलट धोक्याचं ठरू शकतं, डॉक्टरांना दाखवा.

ज्वारी घेताना, परभणीच्या कृषी विद्यापीठाची २०१८ मध्ये आलेली परभणी शक्ती मिळाली तर तीही बघा. लोह आणि जस्त जास्त असावं म्हणूनच ती तयार केली आहे. नाही मिळाली तर घरची मालदांडी आहेच. जेवण आणि चहा यांत मात्र तासाभराचं अंतर हवं, चहा अन्नातलं लोह अडवतो. भाजीवर लिंबू पिळलं की ते उलट जास्त शोषलं जातं.

चौथी पायरी: पालेभाजी आणि जवस

आठवड्यातून निदान सहा दिवस एक वाटी शिजलेली पालेभाजी. मेथी, तांदुळजा, चाकवत, चुका, अंबाडी, शेवग्याचा पाला, कोवळी करडई, हिवाळ्यात हरभऱ्याचा पाला. बांधावरची घोळ फुकट मिळते आणि तिच्यात ओमेगा-३ जातीचं स्निग्ध असतं, जे पालेभाजीत सहसा फारसं नसतं. भाजी चिरून मग धुऊ नका, धुऊन चिरा. शिजवलेलं पाणी टाकू नका. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन किंवा असिट्रोम चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवू किंवा तोडू नका. रोज सारख्याच मापात राहू द्या आणि डॉक्टरांना सांगून ठेवा.

आता जवस. बाजरी-ज्वारीच्या भाकरीबरोबर जवसाची चटणी आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहे, आणि अक्रोडातलं ओमेगा-३ यात कितीतरी स्वस्तात मिळतं. शरीर त्यातला थोडाच भाग मेंदूला लागणाऱ्या डीएचएमध्ये बदलतं, हे खरं. म्हणून जे मासे खातात त्यांनी आठवड्यातून दोनदा मासा चालू ठेवावा. जायकवाडीच्या नाथसागरातला रोहू-कटला चांगलाच आहे, पण बांगडा-तारली मिळाली तर त्यांत हे स्निग्ध जास्त. जे खात नाहीत त्यांच्यासाठी जवस.

प्रमाण असं: १०० ग्रॅम जवस, लसणाच्या १०-१२ पाकळ्या, ४-५ सुक्या मिरच्या, एक चमचा जिरं, पाऊण चमचा मीठ. जवस चाळून निवडा, बारीक खडे असतात. लोखंडी तव्यावर मंद आचेवर चार-पाच मिनिटं हलवत भाजा. दाणा आधी फुगतो, मग तडतडायला लागतो. तडतड चांगली सुरू झाली आणि खमंग वास आला की लगेच ताटात काढा. तव्यावरच ठेवला तर करपतो आणि अख्खी चटणी कडू होते. लसूण-मिरची त्याच तव्यावर परतून घ्या. सगळं पूर्ण गार होऊ द्या. गरम कुटलं की तेल सुटून गोळा होतो. खलबत्त्यात किंवा मिक्सरवर थांबून थांबून भरड करा, पण अख्खा दाणा राहता कामा नये, कारण अख्खा जवस आला तसा पोटातून निघून जातो.

काचेच्या बरणीत, उजेडापासून दूर ठेवा आणि आठ-दहा दिवसांत संपवा. जवसाचं तेल रंगकामात वापरतात ते हवेत लवकर वाळून घट्ट होतं म्हणूनच. चटणीलाही तसा रंगाच्या डब्यासारखा वास यायला लागला तर ती टाकून द्या. महिनाभराची एकदम करून ठेवू नका. माणशी रोज एक मोठा चमचा, म्हणजे १० ग्रॅम. सुरुवात छोट्या चमच्यानं करा, आठवडाभरात वाढवा. वरून पाणी भरपूर प्यायला हवं, नाहीतर पोट गच्च होतं. गोळ्यांच्या वेळेपासून तासभर लांब ठेवा. कारळाची चटणी चवीला छान, पण तिच्यात ओमेगा-३ नाही. तिला जवसाची जागा देऊ नका. बुरशीचा वास येणारे किंवा कडू शेंगदाणेही कुठल्याच चटणीत नकोत.

पाचवी पायरी: मीठ, साखर, तेल मोजा

माणशी दिवसाला ५ ग्रॅम मीठ पुरे. चौघांच्या घरात महिन्याला ६०० ग्रॅम झालं. किलोची पिशवी महिन्याच्या आत संपत असेल तर कुठे जातंय ते शोधा: ठेचा, लोणचं, पापड-कुरडया, चहाबरोबरची शेव. रक्तदाब चढा राहिला की मेंदूतल्या बारीक नळ्या कडक होतात, छोटे छोटे झटके येऊन जातात, आणि माणूस पायरीपायरीनं विसरायला लागतो. मीठ आयोडीनयुक्तच ठेवा. सैंधवात ते सहसा नसतं. रक्तदाबाची गोळी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी 'कमी सोडियम' म्हणून मिळणारं मीठ विचारल्याशिवाय घेऊ नये, त्यात पोटॅशियम असतं.

साखरेचा हिशोब वहीतून काढा. पाच कप, कपाला दोन चमचे, म्हणजे दहा चमचे; ५० ग्रॅमच्या आसपास. एकदम बंद केली तर माणूस चिडतो. दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करत जा. गूळ घातला म्हणून सूट नाही. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटरच्या आसपास. करडई आणि शेंगदाणा आलटून पालटून वापरा, आणि भज्यांचं तळलेलं तेल पुन्हा पुन्हा कढईत घेऊ नका. तंबाखू आणि मिसरी चालू असेल तर वरच्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं. मिसरी लावणाऱ्या आज्यांना कुणी कधी थांबायला सांगितलेलंच नसतं, तुम्ही सांगा.

सहावी पायरी: उन्हाळ्याचं पाणी

एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर गेला की काही म्हातारी माणसं असंबद्ध बोलायला लागतात. वय वाढलं की तहान कमी जाणवते. रात्री उठावं लागतं म्हणून मुद्दाम कमी पिणारेही बरेच. 'तहान लागली की पितील' यावर सोडू नका. सकाळी एक तांब्या भरून त्यांच्याजवळ ठेवा आणि संध्याकाळपर्यंत किती उरलं ते बघा. पाणी, ताक, ज्वारीची आंबील, पातळ वरण मिळून दीड ते दोन लिटर, त्यातलं बरंचसं संध्याकाळी सहाच्या आत म्हणजे रात्रीचं उठणं कमी होतं. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर माप डॉक्टरांचं. लघवी जास्त करवणारी गोळी चालू असताना सोडियम फार खाली जाऊनही माणूस गोंधळतो. अशा वेळी मीठही मनानं कमी-जास्त करायचं नाही.

सातवी पायरी: उपवास

एकादशी, सोमवार, चातुर्मास. श्रद्धेला हात लावायची गरज नाही, ताट बदलता येतं. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकर, दाण्याची आमटी, दूध, दही, एखादं फळ. भगरीचं सुटं पीठ घेऊ नका. जुन्या, ओलसर पिठातून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्या भागातून सणावाराला येतातच. भगर निवडून, धुऊन, वाळवून घरी दळा.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहणं हा खरा धोका आहे. साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर आणि गोंधळ होतो; वारंवार असं झालं तर मेंदूला इजा होते. लक्षणं दिसली आणि माणूस शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका. उपवासाच्या दिवशी गोळी कशी घ्यायची हे आधीच विचारून वहीत लिहून ठेवा.

हळदीचं काय, असं हमखास विचारतात. वसमतची हळद उत्तम, भाजीत घालाच. पण तिच्यातलं कर्क्युमिन तीनेक टक्के आणि तेही अंगी फार कमी लागतं. रात्रीच्या हळद-दुधानं स्मरणशक्ती वाढते असं धरून चालू नका. त्याहून महत्त्वाचं, फार पिवळीधमक सुटी हळदपूड टाळा. रंगासाठी शिशाचं संयुग मिसळलेली पूड मेंदूला थेट घातक असते. हळकुंडं घेऊन गिरणीतून दळून आणा. कुणाचीही भस्मं खात्री नसताना देऊ नका, शिसं-पारा हीच भीती तिथेही आहे. तूप रोज एक-दोन चमचे चालतं, डोक्यासाठी म्हणून वाटीभर नको.

कधी आहाराची वाट बघायची नाही

तोंड एका बाजूला ओढलं गेलं, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळलं, तर १०८ ला फोन. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. काल बरा असलेला माणूस आज भांबावल्यासारखा वागतोय, तर त्याला वय म्हणू नका. लघवीचा संसर्ग, सोडियम, साखर, नवी गोळी, काहीही असू शकतं, आणि त्याच दिवशी दाखवायला हवं. जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात, किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी, लातूर, नांदेड, अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत जाताना सात दिवसांची वही आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घेऊन जा. मन खचल्यामुळेही विसरायला होतं. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीत बोलता येतं. हाक मारल्यावर ओ देत नाहीत तर कानही तपासा.

फरक किती दिवसांत दिसतो? पाणी आणि सोडियम सुधारलं की काही दिवसांत. बी १२ चे उपचार सुरू झाल्यावर थकवा काही आठवड्यांत कमी होतो, मुंग्यांना महिने लागतात, आणि फार उशीर झाला असेल तर नसा पूर्ण भरून येत नाहीत. रक्तदाब-मिठाचा फायदा डोळ्याला दिसत नाही, तो वर्षांच्या हिशोबातला आहे. दर महिन्याच्या एक तारखेला वजन करून वहीत लिहा. प्रयत्न न करता सहा महिन्यांत पन्नास किलोचे साडेसत्तेचाळीस झाले, तर डॉक्टरांकडे जायचं. रक्त तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं, आणि त्याआधीचा आठवडा पुन्हा वही भरायची.